लाल चिमटा

घरात तीन चिमटे असे होते, ज्यांना कपड्यांच्या दोरीवर जायची मुभा नव्हती. एक पांढरा, एक पिवळा आणि एक लाल. ते वरच्या खोलीत मामंजींच्या टेबलावर राहत. एकदा धुणं जास्त निघालं म्हणून सूनबाईने त्यातला पिवळा उचलला, तेव्हा मामंजी तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. एरवीही ते फारसं बोलायचे असं नाही, त्यामुळे ही शिक्षा चालू आहे हे तिला तिसऱ्या दिवशी नवऱ्याकडून कळलं.

चिमटे डब्याला लागत. डबा म्हणजे जाड पुस्तकाएवढा, राखाडी पत्र्याचा, पुढे चार दिवे असलेला. त्याच्या एका कानाला जुना कॉम्प्युटर जोडलेला, दुसऱ्या कानाला रेडिओ. इकडे टाईप केलेल्या अक्षरांची डबा बारीक किंचाळी करायचा, रेडिओ ती डोंगरापलीकडे फेकायचा आणि तिकडचा तसाच दुसरा डबा तिची पुन्हा अक्षरं करायचा. मामंजींनी सगळी नोकरी जहाजांच्या वायरलेसवर काढली होती. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, यांनी हौशी रेडिओचा परवाना काढून माडीवर हा दुसरा संसार मांडला.

"घरात फोन असताना हे कशाला?" असं ती नवऱ्याला विचारायची.

"फोन बंद पडेल त्या दिवशी विचार," तो म्हणायचा. नवरा बापावर गेला नव्हता, हसून बोलायचा. डोंगरावरच्या दवाखान्याची गाडी चालवायचा आणि आठवड्यातले चार दिवस तिकडेच असायचा. गाडी सुटल्यावर कोणी पेशंट मागे राहिला तर दवाखान्याची मोठी घंटा वाजवतात, ती पहिल्या वळणापर्यंत ऐकू येते, असं त्यानेच सांगितलं होतं.

चिमट्यांचा अर्थ मामंजींनी तिला एकदाच सांगितला होता, तोही तिने तीनदा विचारल्यावर. "डबा एका वेळी एकाच तऱ्हेत असतो. चिमटा ही नुसती आपल्या आठवणीची खूण, त्याने डबा बदलत नाही. पांढरा लावला, म्हणजे हुकूम. तू टाईप करशील ते डब्याला सांगितलेलं असतं. याला जोड, त्याला सोड. पिवळा म्हणजे गप्पा. तुझं बोलणं पलीकडच्या माणसाला जातं, पण कंट्रोल धरून सी दाबलंस की डबा कान टवकारतो आणि हुकमावर येतो. लाल म्हणजे नळी. नळीत डबा कोणाचं ऐकत नाही. आलेलं जसंच्या तसं पुढे ढकलतो. मोठ्या याद्या, नकाशे असले की नळी लागते. त्यात वाटेल त्या खुणा असतात, डब्याने त्यातली एखादी आपल्याला हुकूम समजून चालत नाही."

"मग नळीतून त्याला परत कसं आणायचं?"

मामंजी थांबले. ही त्यांची जुनीच खोड. काहीही विचारा, आधी गप्प. समोरच्याला वाटावं, ऐकू आलं नाही की ऐकायचं नाही. मग म्हणाले, "ते मी बघतो."

सूनबाईच्या अंगात मात्र थांबणं नव्हतंच. ती नगरपालिकेत टायपिस्ट होती आणि कचेरीत तिला एक्स्प्रेस म्हणायचे. साहेबांचं वाक्य संपायच्या आत तिचं टाईप झालेलं असायचं. कधी कधी तर साहेब पुढे काय म्हणणार हेही. तिच्या टेबलामागे भिंतीवर कोणीतरी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, थांबला तो संपला. ती पाटी आपल्यासाठीच टांगली आहे असं ती खुशाल सांगायची.

गेले आठ महिने मामंजी तिला माडीवर बोलवत होते. ते मजकूर सांगत, ती टाईप करी. परवाना असलेला माणूस शेजारी बसला की चालायचं. कचेरीतून दमून आल्यावर ही दुसरी कचेरी! तिला वाटायचं, फुकटची कारकून मिळाली आहे, घ्या राबवून. बरं, तऱ्हा बदलायची वेळ आली की लगेच "हो बाजूला." मग तिच्याकडे पाठ करून मामंजी डब्यापुढे बसत, आणि मिनिटभर काहीसुद्धा हलत नसे. पाठ ताठ, मान खाली. ती नवऱ्याला सांगायची, "तुमचे बाबा डब्यापुढे समाधी लावतात." चहा नेला तर त्यातही तोच तोरा. तिच्या हातून कप कधी घेतला नाही. "ठेव तिथं." आणि ती जिना उतरेपर्यंत कपाला हात नाही. दोन वर्षं झाली असतील या गोष्टीला. जेवणही ताट वर पाठवायचं. म्हातारपणी माणूस हट्टी होतो हे तिला मान्य होतं, पण एवढा माज कशाचा, हे तिला कळत नव्हतं.

आणि मग एके दिवशी वादळ आलं आणि फोन खरंच बंद पडला.

दोन दिवस वीज नाही, फोन नाही, खांब रस्त्यात आडवे. डोंगरावरच्या दवाखान्याचा आणि खालच्या जिल्हा कचेरीचा एकमेकांशी संबंध तुटला. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडेही परवाना होता आणि असाच डबा होता, पण डोंगराच्या आडामुळे त्याला कचेरी दिसत नव्हती. दोघांनाही दिसणारी अशी एरियलची एकच काठी होती, मामंजींच्या गच्चीवरची. त्यामुळे दोन दिवस सूनबाई माडीवर बसून टाईप करत होती. काल संध्याकाळी नवऱ्याचाच निरोप तिच्या डोळ्यांसमोर पडद्यावर उमटला होता: उद्या चार वाजता दोन पेशंट घेऊन निघतो, रात्री जेवायला घरी. तो चार म्हणाला की चार. साडेचार नाही आणि पावणेचारही नाही. बापाची एवढी एकच गोष्ट त्याने उचलली होती.

आज दुपारी मामंजींनी डबा जिल्हा कचेरीला जोडला, औषधांची आणि बेघर झालेल्यांची लांबलचक यादी नळीत लावून दिली आणि लाल चिमटा अडकवला. तिकडे कोणी माणूस बसणार नव्हता. कचेरीचं यंत्र यादी आपोआप साठवून घेणार होतं. इकडे बॅटरीचा काटा घसरत चालला होता. "दुसरी बॅटरी भरून ठेवली आहे गॅरेजवाल्याने. घेऊन येतो. हात लावू नकोस," असं सांगून ते छत्री घेऊन बाहेर पडले. हात लावायची हौस होती कोणाला? ती खाली भांडी घासत बसली.

साडेतीनला दार वाजलं. रस्ता खात्याचा मुकादम होता. गुडघ्यापर्यंत चिखल, धाप लागलेली.

"वायरलेसवाले काका आहेत का?"

"बाहेर गेलेत. काय झालं?"

"पूल खचलाय, ताई. मधला खांब हातभर खाली बसलाय. वरून बघाल तर काही कळत नाही, डांबर सरळच दिसतंय. पण आम्ही खालून बघितलं. माणूस चालला तरी भीती, गाडी गेली तर गेलीच. अलीकडे पिंपं लावली आम्ही. पलीकडे जायला वाटच नाही. दवाखान्याला कळवा, कोणाला खाली सोडू नका म्हणावं."

तिने हातातलं फडकं टाकलं. पुलाआधी पलीकडच्या बाजूला उतार आणि आंधळं वळण होतं. नवरा त्या वळणावर कधी ब्रेक लावायचा नाही, रोजचा रस्ता. चारला निघालेली गाडी वीस मिनिटांत पुलावर.

"गॅरेजवर जा," ती मुकादमाला म्हणाली. "काकांना घेऊन या. असतील तिथून उचलून आणा, पण आणा. तोवर मी कळवते."

"तुम्हाला येतं ते?"

"येतं," ती म्हणाली. उचलली जीभ लावली टाळ्याला. जिना चढता चढता तिला समजलं की आपल्याला येत नाही.

माडीवर सगळं शांत होतं. यादी जाऊन संपली होती. डब्यावर जोडणीचा दिवा जळत होता, म्हणजे डबा अजून जिल्हा कचेरीला धरून बसला होता. त्याला म्हणायचं होतं, सोड तिला आणि दवाखान्याला जोड. एवढंच. हे हुकूम तिला पाठ होते. मामंजी पाठ करून बसले तरी पडदा त्यांच्या खांद्यावरून दिसायचा आणि टायपिस्टच्या डोळ्यातून अक्षर सुटत नाही. पण हुकूम ऐकायला डबा हुकमावर हवा. आणि त्याच्या कडेला लाल चिमटा होता.

तिने कंट्रोल धरून सी दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. रेडिओचा दिवा लुकलुकला, खट्ट असा आवाज आला आणि तिचा सी डोंगराखालच्या कचेरीत, यादीच्या शेपटाला जाऊन चिकटला. नळी! तिने सुटण्याचा हुकूम टाईप केला. पडद्यावर तो उमटलासुद्धा नाही. नळीत डबा आपण टाईप केलेलं आपल्याला दाखवतही नसे. खट्ट. तोही गेला कचेरीत. पलीकडे कोणी असेल या आशेने तिने लिहिलं, कोणी आहे का, पूल खचला आहे, माणूस पाठवा. खट्ट. कोऱ्या पडद्याकडे बघत ती थांबली. तिकडचं यंत्र ते गुपचूप साठवून घेत असणार आणि उद्या सकाळी कोणीतरी औषधांच्या यादीखाली ते वाचणार. पालथ्या घड्यावर पाणी.

पावणेचारला दहा कमी होते.

टेबलाच्या खणात डब्याची पुस्तिका होती. तिने पानं उलटली. सापडलं. नळीतून हुकमावर येण्यासाठी: एक सेकंद काहीही टाईप करू नका. मग कंट्रोल आणि सी, तीन वेळा. मग पुन्हा एक सेकंद काहीही टाईप करू नका. बस्स, एवढंच? या तीन ओळींसाठी मामंजींनी आठ महिने ताकास तूर लागू दिली नाही?

एक. सी, सी, सी. एक.

काही नाही.

पुन्हा केलं. पुन्हा. हळू दाबून बघितलं, जोरात दाबून बघितलं. तिची बोटं इतक्या वेगाने चालत होती की कळपाट कडकडत होता. प्रत्येक वेळी रेडिओ खट्ट करायचा, प्रत्येक वेळी तीन सी कचेरीत जाऊन पडायचे. डबा चार दिवे लावून ढिम्म बसून होता. मालक तसा डबा!

बंद करून पुन्हा चालू करावा? तिचा हात बटणापर्यंत गेला आणि थबकला. बटणावर मामंजींनी कागदाची पट्टी चिकटवली होती: बंद करू नये. आतला सेल मेला आहे. डबा स्वतःचं नाव विसरेल. नाव विसरलेला डबा कोणालाही हाक मारत नाही, आणि नाव पुन्हा कसं शिकवायचं ते तिला माहीत नव्हतं. शिवाय काटा. बॅटरीचा काटा तांबड्या रेघेपासून बोटभर वर होता. बॅटरी मेली तरी हाच निकाल.

तिला रडू यायला लागलं, आणि रडण्याचाही राग यायला लागला. तो अजून बापही झाला नव्हता, लग्नाला चारच वर्षं झाली होती. काल तिने निरोपाला उत्तर काय लिहिलं होतं? ठीक. एक शब्द. मामंजी शेजारी होते म्हणून लाजून एकच शब्द.

तिने पुस्तिका पुन्हा उघडली. या वेळी पळवली नाही, शब्द शब्द वाचली. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. एक सेकंद ही कारखान्यातून आलेली मुदत आहे. मालक ती बदलू शकतो. तीन दाबांपैकी कोणत्याही दोहोंमध्ये या मुदतीपेक्षा जास्त वेळ जाऊ नये, आणि आधी व नंतर निदान तेवढाच वेळ शांतता हवी.

मालकाने बदलली असेल तर किती?

मालकाची एक सवय तिला माहीत होती. जे होईल ते वहीत. जहाजावरची शिस्त. जोडणी केली, लिही. तार बदलली, लिही. वही टेबलावरच होती. तिने मागून पुढे पानं उलटायला सुरुवात केली आणि लगेच तिचा वेग कमी झाला, कारण अक्षर लागेना. गेल्या आठ महिन्यांतल्या नोंदी जवळजवळ नव्हत्याच. होत्या त्या मुंगीला शाई लावून सोडल्यासारख्या. त्याआधीचं अक्षर जरा बरं. दोन वर्षांपूर्वीचं अक्षर छापल्यासारखं. मामंजींचं अक्षर सुंदर आहे असं सगळे म्हणत, तिनेही लग्नपत्रिकेच्या पाकिटांवर पाहिलं होतं.

तिला हवी होती ती पहिली नोंद दोन वर्षांपूर्वीची होती. मुदत १ वरून ५. दोन बटणं एकत्र सापडायला वेळ लागतो.

दुसरी, सहा महिन्यांनंतर. मुदत ५ वरून १२. उजवा हात ऐकत नाही. डॉक्टर म्हणाले वाढत जाईल.

तिसरी नोंद तिला तीनदा वाचावी लागली, अक्षर इतकं सांडलं होतं. मुदत १२ वरून ३०. आता सूनबाईला टाईप करायला बसवावं. तिला कळू देऊ नये, पोरगी घाबरेल.

चारला सात मिनिटं होती. सूनबाई वही हातात घेऊन तशीच बसली. ठेव तिथं. हो बाजूला. पाठ करून, मान खाली घालून, उजवा हात डाव्याने धरून तो माणूस त्या दोन बटणांवर बोटं टेकवायला धडपडत होता, आणि ती खाली जाऊन समाधीची नक्कल करून दाखवत होती. तिला स्वतःची शरम वाटली, अगदी मनापासून. पण शरमेला आत्ता वेळ नव्हता. तीस सेकंद.

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तिने हात मांडीवर ठेवले. तीस सेकंद म्हणजे काय ते टायपिस्टला विचारा. अर्धं पान. पंचवीस, सव्वीस. तीस. सी, सी, सी. आता पुन्हा तीस. दहा. पंधरा. बॅटरीचा काटा किंचित हलला. वीस. काही होत नाहीये. तीनपैकी एखादा नीट दाबला गेला नसेल तर? कंट्रोल सुटलं असेल तर? तेवीस. तिचं बोट आपोआप खाली गेलं, आणखी एकदा, खात्रीला म्हणून, सी.

खट्ट.

आपण काय केलं हे तिला बोट उचलायच्या आत कळलं. चौथा सी. शांतता मोडली. सगळं पहिल्यापासून.

तिने स्वतःला अशी शिवी दिली, जी नगरपालिकेच्या कुठल्याही कागदावर आजवर टाईप झाली नव्हती. मग खुर्ची मागे ढकलली, दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. शाळेत बाई बसवायच्या तशी. तीस सेकंद झाले. हात काढले, सी, सी, सी, मोजून तीन, आणि हात पुन्हा मांड्यांखाली. आता घड्याळाकडे बघायचं नाही, काट्याकडे बघायचं नाही. ती लाल चिमट्याकडे बघत राहिली. बोटं मांडीखाली वळवळत होती, मुंग्या आल्या होत्या. खाली रस्त्यावर कोणाचातरी पत्रा वाऱ्याने आपटत होता. किती झाले? अठरा? पंचवीस? ती मोजायची विसरली होती. विसरली ते बरंच झालं.

पडद्यावर, आपोआप, डावीकडे वरती, तीन अक्षरं उमटली. सीएमडी. आणि पुढे दोन ठिपके. डबा हुकमाची वाट बघत होता.

आता मात्र एक्स्प्रेस सुटली. सोड. जोडणीचा दिवा विझला. जोड, आणि दवाखान्याचं नाव. रेडिओ किंचाळला, थांबला, पुन्हा किंचाळला. दिवा लागला. डबा आपल्या मनाने गप्पांवर आला होता. चारला एक मिनिट कमी.

पूल खचला आहे. गाडी सोडू नका. पूल खचला आहे. गाडी थांबवा.

उत्तर आलं ते एकेक शब्द चघळत आल्यासारखं. गाडी आत्ताच फाटकाबाहेर गेली.

 बोटं कळपाटावर गेली. धावा, हाक मारा, मागे कोणालातरी पाठवा, दहा ओळी एकदम सुचल्या. पण वाट एकच होती. तिचा रेडिओ बोलत असेल तेवढा वेळ तिकडचा बोलू शकत नव्हता. तिने एकच ओळ पाठवली. मोठी घंटा वाजवा, पहिल्या वळणावर ऐकू जाते. आणि हात पुन्हा मांड्यांखाली घातले.

या वेळी मोजायला काही नव्हतं. तीस सेकंदांनी सुटेल असा कुठला नियम नव्हता. जिन्यावर पावलं वाजली. दोन जड आणि दोन सावकाश. मुकादमाने बॅटरी खाली ठेवली. मामंजी दारात उभे राहिले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पडद्याकडेही नाही. आधी डब्याकडे पाहिलं. चिमटा लालच होता, पण पडद्यावर गप्पांच्या ओळी होत्या. घाईत चिमटा बदलायचा राहिला होता. मग त्यांची नजर टेबलावर उघड्या पडलेल्या वहीवर गेली आणि तिथेच राहिली.

"निघाला होता," ती वळून न बघता म्हणाली.  "फाटकाबाहेर गेला होता, मामंजी. घंटा वाजवायला सांगितलीय."

मामंजी आत आले. खुर्चीमागे येऊन उभे राहिले. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा हात टेकला आणि खुर्ची बारीक थरथरायला लागली. तिने ती थरथरू दिली.

रेडिओ खट्ट झाला.

ओळ आली, पण ही कंपाउंडरची नव्हती. कंपाउंडर भराभर लिहायचा. ही एकेक अक्षर शोधून लिहिलेली होती, दोन बोटांनी, चुकांसकट. घंटा कशाला वाजवली. कोणी राहिलं म्हणून परत आलो. काय झालं.

सूनबाई ओक्साबोक्शी रडायला लागली. मुकादम बिचारा काय करावं ते न कळून भिंतीवरचा जहाजांचा नकाशा वाचायला लागला. तिने डोळे पुसून उत्तर लिहिलं. पुलाचं लिहिलं, पिंपांचं लिहिलं, कोणालाच सोडू नका असं लिहिलं. मग थोडं थांबून, मागे मामंजी उभे असतानाही, आणखी चार ओळी लिहिल्या. त्यांचा पुलाशी काही संबंध नव्हता.

मुकादम नवी बॅटरी आधी जोडून, मगच जुनी काढून, दवाखान्याची पोच घेऊन गेला. मामंजी मोडक्या स्टुलावर बसले. उजवा हात कोटाच्या खिशात होता.

"डबा पहिल्या खेपेला नाही सुटला ना?" त्यांनी विचारलं. "नळीतून?"

"दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी तेविसाव्याला बोट पडलं."

ते थांबले. तिने मध्ये काही घातलं नाही. थांबणं संपेपर्यंत ती थांबली, आणि तिला जाणवलं, आजवर तिने एकदाही हे केलं नव्हतं. ते काही म्हणायच्या आत तीच बोलून मोकळी व्हायची.

"मुदत एकवर आण परत," ते म्हणाले. "आता तुझी बोटं आहेत. परवान्याची परीक्षा दे, सोपी असते."

"देईन. पण मुदत तीसच राहू दे."

"कशाला?"

"दोघांना बसायचंय इथे."

मामंजींनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "झालं ते वहीत लिही."

तिने पेन उचललं. तारीख लिहिली, वेळ लिहिली. पूल, दवाखाना, घंटा, गाडी परत. मुदत ३०, बदलली नाही. मग मागचं पान उलटून त्या तिसऱ्या नोंदीखाली, मोकळ्या राहिलेल्या अर्ध्या ओळीत, आपल्या स्वच्छ टायपिस्टी अक्षरात लिहिलं: सूनबाईला कळलं. घाबरली नाही. वही तिने त्यांच्यासमोर धरली. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मान हलवली.

तिने डब्यावरचा लाल चिमटा काढून पिवळा लावला आणि खाली गेली. चहा करून वर आणला, नेहमीसारखा टेबलाच्या कडेला ठेवायला वाकली.

"तिथं नको," मामंजी म्हणाले. त्यांनी खिशातून हात बाहेर काढला आणि पुढे केला. हात पानासारखा हलत होता. "हातात दे. पण आधी अर्धा कर."